तानाबाईची तक्रार

"तक्रारी?" सायबांनी इचारलं.

"निरंक," बाबासो म्हणाला.

चावडीच्या पायरीखाली उभ्या असल्याल्या तानाबाईला निरंक म्हंजे काय ते ठावं न्हवतं. पर तक्रार म्हंजे काय ते चांगलं ठावं हुतं.

आत सतरंजीवर गडी, भाईर पायरीखाली बायका. बायकांनी वर चढायचं न्हाय असं कुणी लिवून ठेवल्यालं न्हवतं, पर चढत कुणीच न्हवतं. धम्मपाल कांबळे सायेब वन खात्याचे, मूळचे कोडोलीचे. गारगोटीस्नं फटफटीवर चढून वाडीत आलेले. बाबासो वनसमितीचा अध्यक्ष. दोन हजार दोन साली ह्याच गड्यानं दारोदार फिरून कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, गुरं घुसू नयेत म्हणून डोंगराच्या पायथ्याला छातीएवढा खोल चर मारला. पाच वर्सांत ऐन, जांभळ, हिरडा अशी झाडी उठली, की माणूस आत शिरला तर दिसायचा न्हाय. आता सायेब भरत असल्याला ह्यो कागद दिल्लीला जायचा, साऱ्या देशाच्या अहवालात वाडीचं नाव यायचं. बाबासो नवा फेटा बांधून बसलाता.

"बैठकीला बायका किती असतात?"

"निम्म्या. अंगठं हायत की रजिस्टरात. ही बघा, तानाबाई. येकबी बैठक चुकवली न्हाय म्हातारीनं."

"कुठली बैठक रं?" तानाबाई खालनं म्हणाली. "अंगठा तर ज्ञानू माझ्या दारात येऊन घेतोय. मला वाटलं रेशनचा हाय."

बायका फिस्सकन हसल्या. समितीचा शिपाई ज्ञानू आढ्याकडं बघाय लागला.

सायबांनी पेन खाली ठेवला. "आजी, वर या. बसा हितं. तुमची काय तक्रार आहे का?"

तानाबाई दबकत वर चढली, सतरंजीच्या काठाला टेकली. बाबासो डोळं वटारून बघतोय हे तिला दिसत हुतं. गावाचं नाव आपल्या तोंडानं खराब व्हायला नको, असं तिला वाटलं. पर दारातली म्हसबी डोळ्यापुढनं हलंना.

"जंगल ब्येस हाय सायेब. बाबासोनं सोन्यावाणी काम केलंया, खोटं कशाला बोलू? आदी झरा होळीला आटायचा, आता उन्हाळाभर वाहतोय. पर त्यो राहिला चराच्या पल्याड. म्हशीला पाजायचं म्हंजे खिंडीपतूर वळसा. माझं गुडघं गेल्यात. येत्या बाजाराला म्हस विकाय काढतीया."

"काकू!" बाबासो वराडला. "आगं घरात सांगायचं हे! दिल्लीपतूर गावाची अब्रू घालवतीस व्हय?"

"घरात सांगितलं की. दोनदा. तू म्हणालास, बघू."

सायेब हसले.

"अध्यक्ष, मी सहा गावं फिरलो. सहाही निरंक. कागद वरनं माघारी आले. एवढं जंगल वाढलं आणि एकालाही त्रास झाला नाही, म्हंजे तुम्ही कुणाला विचारलंच नाही, असं म्हणतात वरचे. जंगल किती वाढलं ते एका पानावर, ते वाढवताना कुणाची वाट अडली ते दुसऱ्या पानावर. दोन्ही भरल्याशिवाय कागद पुढं जात नाही."

"म्हंजे तक्रार लिवली तर मार्क कटत न्हाईत?"

"नाहीत. फक्त शेजारच्या रकान्यात तुम्ही काय केलं ते लिवायचं."

बाबासोनं फेटा मागं सारून डोकं खाजवलं. "आजच केलं तर आजचीच तारीख पडंल?"

"पडंल की."

"ज्ञानू!" बाबासो उठलाच. "खोरी काढ. आन् बांबू बघ चार."

सहा गडी लागलं. चराच्या काठचीच माती, काठचंच दगड. उन्हं कलायच्या आत गाडीभर रुंदीचा चर भरला, ठोकून घट्ट केला, वर बांबूचं फाटक बसलं. म्हंजे मोकळी गुरं आत जायची न्हाईत, दाव्याला धरून नेल्याली तेवढी जातील. नवा फेटा कवाच बाबासोच्या कमरेला गेलता.

तानाबाईनं म्हस आणली. म्हशीनं नवी माती हुंगली, पुढचं पाय रवून हुबी राहिली. "चल गं, तुझ्यासाठी दिल्लीला कागद चाललाय," म्हणत तानाबाईनं पाठीवर थाप दिली. म्हशीनं एक पाय टाकला, दोन टाकलं, आन् पल्याड गेली. झऱ्यावर तोंड बुडवलं ते वर काढंना. खिंडीचा वळसा न्हाय, काय न्हाय. तानाबाई दगडावर बसून बघत राहिली. बाजाराचं तिच्या डोक्यातनं गेलतं.

सायबांनी मांडीवर पॅड घेऊन मोठ्यानं वाचलं. "तक्रार पहिली. चरामुळं झऱ्याची वाट अडली. काय केलं? चर बुजवून वाट केली, फाटक बसवलं. तारीख आजची."

"अंगठा हितंच घ्या," तानाबाई म्हणाली. "दारात नको."

आधी हसला बाबासोच. हसता हसता खोरं टाकून चराच्या काठावर टेकला.

अंगठा पुसत तानाबाईनं कागदाकडं निरखून बघितलं. "सायेब, ह्यात तक्रारीच्या अशा वळी किती हायत?"

"दहा."

तानाबाई उठली, चराच्या अल्याड घोळका करून उभ्या असल्याल्या बायकांकडं वळली, आन् तोंडाला हात लावून वराडली, "या गं बायांनो! नऊ वळी मोकळ्या हायत!"

बाबासोनं खोरं गुमान परत उचललं.