खांद्यावरचा हात

तिच्या चौथीपर्यंतच्या छोट्याशा मॉन्टेसरी शाळेत हाका मारायची पद्धतच नव्हती. काही विचारायचं असलं की ताईंच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. ताई त्या हातावर आपला हात ठेवायच्या. म्हणजे कळलं, थांब हं जरा. घरीही तिचं तेच. शिलाई मशीनवर वाकलेल्या बाबांच्या खांद्यावर ती हात ठेवायची. बाबा न बघता त्यावर आपला हात ठेवायचे आणि टीप संपली की वळून म्हणायचे, "बोला बाईसाहेब!" मोठ्या हायस्कूलात पहिल्याच दिवशी तिला गणित अडलं. ती उठली, फळ्यापाशी गेली आणि पाठमोऱ्या बाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. बाई केवढ्या दचकल्या! हातातला खडू खाली पडून मोडला. "अंगाला काय हात लावतेस? जागेवरून हात वर करायचा, एवढंही शिकवलं नाही कुणी?" अख्खा वर्ग खोखो हसत सुटला. मधल्या सुट्टीत जो तो येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून पळत होता. संध्याकाळी बाबा मशीनवर शिवत बसले होते. मागे चाहूल लागताच त्यांचा हात सवयीने स्वतःच्या खांद्यावर गेला. हाताला नुसती मापाची टेप लागली. "बोला बाईसाहेब," म्हणत ते वळले. लेक दारातच उभी होती, दप्तर पाठीवर तसंच, उजवा हात वर करून.