वरच्या पट्ट्या

आपल्या यूट्यूब चॅनेलसाठी श्रीरंग नवा सिंथेसायझर वाजवून दाखवत होता. उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या दाबून तो वैतागला. "या वाजतच नाहीत. खराब माल पाठवलाय!"

शेजारच्या खोलीतून त्याची मुलगी शाल्मली कान झाकत आली. "बाबा, बंद कर ना! केवढं किंचाळतंय ते!"

तिच्याकडे बघत त्याने पुन्हा पट्टी दाबली. तिने डोळे गच्च मिटले. त्याला फक्त पंख्याची घरघर ऐकू आली. इतकी वर्षं हेडफोन लावून तो लोकांना आवाजातले बारकावे समजावत आला होता.

रेकॉर्डिंग पुसून त्याने शाल्मलीला आपल्या खुर्चीत बसवलं.

"आवाज कसा आहे, ते आता तू सांगत जा."

"आणि तू?"

"मी पट्ट्या दाबीन," म्हणत तो कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाला.