पुढची सीट

देविदासची गाडी लंडनची, स्टिअरिंग उजवीकडं. अन् फ्रान्समधल्या टोलचा डबा आला डावीकडं. म्हणजे नाणी शेजारच्यानंच टाकायची. "माय, तुला न्हाई जमायचं, तू मागं बैस," म्हणत त्यानं पुढची सीट बायकोला, निलमला दिली. अनुसयाबाई तोंड फुगवून मागं बसल्या.

निलमनं फेकलेलं एकही नाणं डब्यात पडलं नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. शेवटी अनुसयाबाईंनीच लेकाच्या हातातली नाणी ओढून घेतली अन् मागच्या खिडकीतून भिरकावली. खणखण! दांडा वर.

"माय, हे कुठं शिकलीस?"



"एसटीतून पूर्णामायला पैसा टाकते मी, पुलाच्या कठड्यावरून, तेबी चालत्या गाडीतून. निलम, ऊठ, मागं ये!"