डोळ्याचा मागचा पडदा

बाळाला चादरीत घट्ट गुंडाळून नर्सने डोकं धरलं. डॉक्टरबाईंनी कपाळावरचा दिवा लावला आणि बारीक तारेने पापणी उघडी धरली. चार महिन्यांची पोर ती, जीव तोडून किंचाळली. चादरीतून तिचा एक पाय सुटला होता. आईने तेवढाच मुठीत धरून ठेवला.

दोन्ही डोळे पाहून झाले. डॉक्टरबाईंनी दिवा उतरवला, हात धुतले. जरा जास्तच वेळ धुतले.

"घरात मांजर?"

या प्रश्नाची तर आई वाटच बघत होती. "छे! दिवस राहिल्याचं कळलं आणि लगेच देऊन टाकली. मांजरांपासून बाळाच्या डोळ्यांना धोका असतो, वाचलं होतं मी. सासूबाईंची लाडकी, दोन दिवस धड जेवल्या नाहीत. 'मांजर गेली की उंदरांचं फावेल, बघ,' म्हणाल्या. पण मी बधले नाही."

"मग? फावलं?"

"तर काय! स्वयंपाकघरात नुसता धुडगूस. बाळाच्या कपड्यांचा खण सजवून ठेवलेला, त्यात घर केलं मेल्यांनी. पण विषाच्या गोळ्या काही मी ठेवू दिल्या नाहीत. पोटात बाळ असताना कशाला विषाची परीक्षा? रोज सकाळी उठून मीच आपली लेंड्या झाडून..."

समोरचा चेहरा हसत नाही, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"तेव्हा कधी ताप आला होता?"

"आला होता. साधाच. डोकं दुखलं, अंग मोडून आलं. उतरला आपोआप."

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "रक्ताचा रिपोर्ट आलाय. मांजरांचा आजार नाही हा. उंदरांच्या मुतातून, लेंड्यांतून येणारा एक विषाणू असतो. झाडताना धुळीबरोबर नाकात जातो. आईला ताप येतो आणि जातो. बाळाच्या डोळ्याचा मागचा पडदा मात्र..." त्यांनी रिपोर्ट मिटून ठेवला. "दोन्हीकडे व्रण आहेत. नेमके मधोमध."

"औषध?"

"व्रणाला औषध नसतं."

"चष्मा तरी? मोठी झाल्यावर?"

"उजेड कळेल तिला. कडेकडेची हालचाल कळेल, कदाचित. चेहरा..." डॉक्टरबाईंनी मान हलवली.

"मी सगळं वाचलं होतं," ती म्हणाली.

"तुमची चूक नाही. हे कुणाला माहीतच नसतं."

"सगळं वाचलं होतं हो मी."

नर्सने चादर सोडवून पोर तिच्या हातात दिली. रडून रडून नाक लाल झालेलं, डोळे मात्र आपले भिरभिरतच होते, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

आत एकालाच सोडत होते, म्हणून नवरा बाहेर ताटकळला होता. दार उघडलं तसा तो उठला. "काय गं ए ढमे! भोंगा पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होता तुझा!"

आवाजाबरोबर पोरीची मान गर्रकन वळली. बोळकं पसरून हसली ती.

"बघ! बघ कशी ओळखते बापाला! आणि तू म्हणे नजर देत नाही. उगाच जीव टांगणीला लावतेस सगळ्यांचा." मग बायकोच्या तोंडाकडे बघून त्याचं बोलणं तुटलं.

तो गप्प झाला, तसं पोरीचं हसू भिंतीकडे गेलं. तिथून खिडकीकडे. मग वर, छताकडे. तो होता तिथेच उभा होता, हातभर अंतरावर.

"काय म्हणाल्या?" त्याने अगदी हळू विचारलं.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली. "थांबू नकोस. बोलत राहा."