फाटकासमोरचा खड्डा

तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या फाटकासमोरच्या खड्ड्यात मी वाम मासा पकडलाय. कधीच न बांधलेल्या रस्त्याला इंग्लंडात ‘अनमेड रोड’ म्हणतात. आमची गल्ली तशीच. खड्ड्यापाशी प्रत्येक गाडी मंदावते, काच खाली येते, चार गोष्टी होतात. म्हाताऱ्याला आणखी काय हवं? पण काल पबमध्ये गल्लीवर डांबर टाकायचं का, यावर गल्लीतल्यांची मतं घेतली. निम्मे हात वर, निम्मे खाली. शेजारच्या बेरिलचंच मत उरलं. मी बिअरचा ग्लास ठेवून उठलो. “बेरिल, तो खड्डा रोमनांच्या काळचा! पाद्रीबाईंची सायकल त्यात गेली ती अजून वर यायचीय. डांबर पडलं तर ती यायची कुठून?” बेरिलनं चष्मा पुसला. “डांबर नको. मलाही खिडकीतून तुमच्या गप्पा ऐकायच्या असतात. पण मर्विन, रोमनांच्या काळचा म्हणे! परवा फावडं घेऊन तो खड्डा तूच खणत होतास!”