बाबांचं पाणी

"जारमध्ये हे काय ओतलंयस?"

सरांचा राग नाकाच्या शेंड्यावर असे, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं. प्रयोगशाळेत बाकी सगळ्यांच्या उंच काचेच्या जारमध्ये ग्लिसरीन होतं. पोलादी छर्रा सोडायचा, वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून द्रवाचा दाटपणा काढायचा. कोपऱ्यातल्या मुलीच्या जारमध्ये मात्र काहीतरी गढूळ, घट्टसर होतं.

"बाबांचं पाणी आहे, सर."

अर्धांगवायूनंतर बाबांना साधं पाणी गिळता येत नव्हतं, ते भलत्याच नळीत जाई. म्हणून दवाखान्याने पाणी घट्ट करायची पूड दिली होती. काल संध्याकाळी आईच्या हातचं पाणी पिताना त्यांना असा ठसका लागला की ते काळेनिळे पडले. आईने हायच खाल्ली. तेव्हापासून बाबा कोरडेच होते.

"सकाळी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून कालवून आणलं. त्यात छर्ऱ्याला नऊ सेकंद लागतात," ती म्हणाली. "आईच्या मापाने मी कालवलं, तर दोनच. पण सर, तेच तसंच ठेवून पुन्हा मोजलं. पाच मिनिटांनी पाच सेकंद, दहा मिनिटांनी नऊ. पुढे नऊच. तीनदा करून पाहिलं."

सरांनी तिची वही ओढून घेतली. आजवर त्यांनी वह्यांमध्ये पुस्तकातलेच आकडे पाहिले होते. पोरं आधी उत्तर लिहीत, मग सवड मिळाली तर प्रयोग करत. इथे खाडाखोड होती, तापमान होतं, आणि एका फसलेल्या नोंदीसमोर प्रामाणिकपणे 'हात हलला' असं लिहिलं होतं. सरांना भरून आलं. कौतुक मात्र ओठांवर येईना, सवयच नव्हती.

"सोड छर्रा. या खेपेला मी मोजतो."

नऊ सेकंद.

"घरी फोन लाव," ते म्हणाले.

"आई, तुझं माप बरोबरच होतं गं. तू फक्त थांबली नाहीस. आता कालव आणि दहा मिनिटं झाकून ठेव."

"आणि पुन्हा लागला ठसका तर?"

मुलीने सरांकडे पाहिलं. सरांनी फोन हातात घेतला. "ताई, तुमच्या लेकीने मोजलंय. इतकी वर्षं शिकवतोय, असं मोजणारं कुणी पाहिलं नव्हतं. द्या बिनधास्त."

फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. दहा मिनिटं कुणीही छर्रा सोडला नाही. मग पलीकडे पेल्यावर चमचा वाजला.

"सावकाश हं," आई म्हणाली.

मुलीने डोळे गच्च मिटून घेतले. ठसका काही ऐकू आला नाही. थोड्या वेळाने बाबांचा जड, बोबडा आवाज आला.

"अजून."