चोवीस जोड

खाटा चोवीस. म्हातारी माणसं तेवीस, कारण एक आजोबा परवाच गेले. जेवणाची ताटं अठ्ठावीस. दारातल्या मांडणीवर चपलांचे जोड चोवीस, स्वतःचा आणि भाऊरावांचा सोडून.

अनुपमाने पुन्हा मोजलं. तेवीस म्हाताऱ्या माणसांचे तेवीस जोड, अंथरुणाला खिळलेल्या नऊ जणांचेही. चोविसावा अंजनाबाईंचा. उरलेली चार ताटं ज्या चौघी मुलींची होती, त्या अनवाणी फरशी पुसत होत्या.

मुलुंडच्या त्या वृद्धाश्रमाला देणगी देणाऱ्या ट्रस्टने तिला वर्षाच्या तपासणीला पाठवलं होतं. नोकरीचा दुसरा महिना. बरोबर ऑफिसातले जुने भाऊराव, चहा बशीत ओतून पिणारे. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता : नोकरवर्ग स्वखुशीने राहतो काय? होय / नाही.

"होय लिहा," अंजनाबाई म्हणाल्या. त्या आश्रमाच्या चालक. "फाटकाला साधं कुलूप नाही आमच्या. बघितलंत ना येताना?"

"बघितलं. मुलींनाच विचारते."

चौघी भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पहिलीने पाढा म्हणावा तसं सांगितलं : वय एकोणीस, येऊन पाच महिने. दुसरीनेही तेच, तिसरीनेही. चौथी मालन. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे तेच होतं. उंचीने ती अनुपमाच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"एकोणीस," मालन म्हणाली. "पाच महिने."

"अहो मॅडम, लेकी आहेत माझ्या. माहेर आहे हे त्यांचं."

"मग लेकींच्या चपला कुठायत?"

"आहेत की! कपाटात. इथं म्हाताऱ्यांची सेवा म्हणजे पूजा. देवळात चपला घालून फिरतं का कुणी? आल्या दिवशीच काढून ठेवायच्या, असा नियमच आहे."

"बाहेर जायचं झालं तर?"

"तर मागायच्या. मी नाही म्हणतेय का?" अंजनाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. चार जोड, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. प्रत्येकावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शाईने नाव. टापटीप नजरेत भरेल अशी. "घे गं मालन, घालून दाखव मॅडमना. म्हणजे मिटलं."

मालनने निळी रबरी स्लिपर जमिनीवर ठेवली. अंगठ्याच्या पट्ट्यात पाय सरकवला. टाच मागे फरशीवर राहिली. तिने बोटं आखडून पाय पुढे रेटला. टाच तरीही बाहेरच.

"पावसानं आटली असेल," अंजनाबाई म्हणाल्या.

"कपाटात पाऊस पडतो?"

भाऊरावांना ठसका लागला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मग अदलाबदल झाली असेल. पट्टी कुणीतरी चुकीची लावली."

"माझीच आहे," मालन म्हणाली. तिने चप्पल उलटी केली. तळाशी, पट्टा निसटू नये म्हणून सेफ्टी पिन टोचलेली होती, गंजून काळी पडलेली. "आयेनं लावली. एस्टीत बसताना."

पाठ केलेलं नव्हतं असं तिचं ते पहिलंच वाक्य. अंजनाबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मालनने चप्पल पटकन सुलट केली.

"एकोणिसाव्या वर्षी पाऊल वाढत नाही, अंजनाबाई," अनुपमा म्हणाली. "आणि पाच महिन्यांत इतकं तर कुणाचंच वाढत नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बी.एस्सी."

खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली. रत्नप्रभाबाई, जुन्या शिक्षिका, कमरेखाली लुळ्या. त्यांचा आवाज मात्र अजून वर्गातला होता.

"ताई, तपासा हवं ते. पण मालनला नेऊ नका हो. तीन वर्षं हिच्याच हातानं मी कूस बदलतेय. ही गेली तर पाठ सडेल माझी."

अंजनाबाई रत्नप्रभाबाईंच्या खाटेशी गेल्या आणि त्यांची चादर नीट करू लागल्या. ती नीटच होती.

"काय बोलले मी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "काय झालं?"

भाऊराव उठून अनुपमाजवळ आले. "मॅडम, ह्यात पडू नका," ते हळूच म्हणाले. "हा आश्रम बंद पडला तर ह्या तेवीस जणांना कोण उचलणार? तुम्ही? आणि फॉर्ममध्ये चपलांचा रकाना नाही."

अनुपमाने रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. मग पर्समधून मोजपट्टी काढली, कॉलेजपासूनची, कडा झिजलेली. फॉर्म उलटा करून कोरी बाजू फरशीवर ठेवली.

"ये. पाय ठेव ह्यावर."

मालन जागची हलली नाही. तिने एकदा अंजनाबाईंकडे, एकदा कागदाकडे पाहिलं. मग कागदावर पाय ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "अंगठा आत घेऊ का?"

"नको. सरळ ठेव. अंगाचा सगळा भार टाक."

अनुपमाने टाचेमागे एक रेघ मारली, अंगठ्यापुढे एक. अंतर तीनदा मोजलं. चप्पलही तीनदा मोजली. मग फॉर्म सुलटा केला आणि 'नाही'वर खूण करून खाली लिहिलं :

चप्पल २१.० सें.मी.
पाऊल २३.४ सें.मी.